राजधानी काल्मारलाच

माझ्या प्रबंधातलं शेवटचं प्रकरण काल्पनिक आहे. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन मिळून कायमचा एकच देश झाला असता तर काय झालं असतं, हे मी त्यात मांडलंय. त्या देशाची राजधानी मी काल्मारला ठेवली. हे स्वीडनमधलं छोटं गाव, तिन्ही देशांना एका राजाखाली आणणारा जुना करार तिथंच झाला होता. गाईड म्हणाले, "कोपनहेगन कर, नाहीतर परीक्षक हसतील." प्रकरण सोमवारी द्यायचं होतं.

इथं सिंगापूरला, हौगांग भागातल्या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत राहणारी पुण्याची इंजिनिअर मैत्रीण तर आधीच हसली. "अगं, एवढी मोठी शहरं सोडून तिथं? सिंगापूरला आलीस तरी तुझं तालुक्याचं डोकं काही सुटत नाही बघ!"

"नाही सुटत," मी म्हटलं, "आणि मला सोडायचंही नाही."

आमचा नवा तालुका झाला, तेव्हा तहसील कचेरीसाठी दोन मोठ्या गावांनी मोर्चे काढले, रस्ते अडवले. शेवटी कचेरी तिसऱ्याच, लहान गावाला मिळाली आणि भांडण मिटलं. ते गाव माझं. कचेरीमागून कॉलेज आलं, म्हणून आमच्या घरातली पहिली पदवी मला मिळाली. ते उपकार मी विसरणार नाही. राजधानीचा जो मान कोपनहेगन आणि स्टॉकहोम एकमेकांना कधीच देणार नाहीत, तो दोघंही काल्मारला देतील, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

रविवारी मी राजधानी तशीच ठेवली आणि तळटीपेत पुरावा म्हणून माझ्या तालुक्याची हकिकत लिहिली. परीक्षकांना हसायचं असेल तर त्यांनी आधी ती वाचावी.