मोजमाप सर

शर्टाच्या एका खिशात बोरं आणि दुसऱ्यात पिठाची पुडी घेऊन वर्गावर येणारे इंग्रजीचे सर मी दुसरे पाहिले नाहीत. घाटंजीच्या शाळेत आम्ही त्यांना मोजमाप सर म्हणायचो. "बोरं मोजता येतात, त्याले एस लागते. पीठ मापा लागते, त्याले एस नाई," एवढंच त्यांचं अनेकवचनाचं व्याकरण. बरोबर उत्तराला बोर मिळायचं, चुकलेल्याच्या नाकाला पीठ लागायचं.

या नियमात खोट असेल असं कुणाला वाटलंच नाही. खुर्च्या मोजता येतात, म्हणून सर फर्निचरलाही एस लावायचे. बॅगा मोजता येतात, म्हणून लगेजलाही. आम्ही मान डोलावून लिहून घ्यायचो.

सर रिटायर झाले आणि यवतमाळला शिकणाऱ्या नातीने त्यांना सांगितलं की असं नसतं. सरांनी डिक्शनरी उघडून पाहिली आणि त्यांचं जेवणावरचं मनच उडालं. तेव्हापासून जुना विद्यार्थी दिसला की ते त्याला गाठतात. बँकेची रांग असो, आठवडी बाजार असो, नाहीतर मयत. आपली चूक सांगतात आणि हात जोडतात. ऐकणारे हसतात, आणि सोबत असलेल्या त्यांच्या मुलाला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गेल्या उन्हाळ्यात बाभुळगावला एका लग्नात त्यांनी मला गाठलं. पंगतीतून उठून, उष्ट्या हातानेच आले.

"बाबू, फर्निचरले एस नसते. म्या तुले चुकीचं शिकवलं. माफ कर."

अख्खी पंगत आमच्याकडे बघत होती. लाजेने माझे कान तापले. प्रकरण लवकर मिटावं म्हणून मी म्हणालो, असू द्या सर, कॉलेजात सगळे मला हसले तेव्हाच मला ते कळलं होतं.

सरांचे जोडलेले हात खाली आले.

"तुले माहीत होतं? तरी मी शाळेत होतो तवरी दर दिवाळीले पाया पडाले येत होता. मंग मले काहून नाई सांगतलं? तुया मांगचे पोट्टे तरी वाचले असते."

त्यांचा मान राखायला गप्प बसलो, असं मी इतकी वर्षं समजत होतो. खरं म्हणजे वाईटपणा घ्यायची माझी हिंमत नव्हती, आणि भोगलं मागून आलेल्या पोरांनी. मी वाकून पाया पडायला गेलो, तर सरांनी पाय मागे घेतले.