आक्काच्या हॉलमधली राजगादी

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. भाडेकरूंचं ओटीटी अकाउंट, मालकिणीचा टीव्ही आणि सगळ्यांचा चहा एका हॉलमध्ये आला, की ते आपोआप साठतात. हिंजवडीजवळच्या चांदे गावातल्या आमच्या बिल्डिंगच्या टाकीत पाणी साठत नाही, पण किस्से भरपूर!

झालं असं, की मी आणि वरच्या खोलीतला सौरभ दोघंही हिंजवडीला नोकरीला. आमच्या खोल्यांत टीव्ही नाही. मालकीण आक्काकडे भिंतभर टीव्ही, पण त्यावर बघायला काही नाही. मग तह झाला. दर सोमवारी संध्याकाळी ड्रॅगनवाल्या सिरियलचा नवा एपिसोड, हिंदी डबिंगमध्ये, आक्काच्या हॉलमध्ये.

आम्हाला वाटलं होतं, आक्का दहा मिनिटांत कंटाळेल. पुढच्या सोमवारी आम्ही पोचायच्या आधीच ती पदर खोचून सोफ्यावर बसलेली! सिरियलमधली अवघड नावं तिनं पहिल्याच दिवशी बाद केली. राजाची मोठी मुलगी ती 'थोरली', तिचा भाऊ तो 'धाकटा', आणि राजानंतर गादी कोणाला, हा सगळा मामला.

*

एपिसोडच्या सुरुवातीला नकाशा यायचा. डोंगर, नद्या, समुद्र आणि मधोमध उंच कड्यावर राजाचा किल्ला. आम्ही आपले ग्राफिक्स बघून खूश.

आक्काचे यजमान नाना जमिनींच्या व्यवहारात मुरलेले. ते चष्मा पुसून पुढे सरकले. "किल्ल्याला रस्ता कुटनं हाय?"

सौरभ म्हणाला, "नाना, रस्ता नाहीये. ते ड्रॅगनवर बसून जातात."

नाना मागे टेकले. "मंग भाव येत न्हाई."

*

एकदा शेजारचे बिरूदा येऊन बसले. त्यांची मेंढरं आहेत. नेमका त्याच दिवशी ड्रॅगनचा एंट्री सीन! आभाळ काळं झालं, वारा सुटला, ड्रॅगन खाली झेपावला आणि कळपातली एक मेंढी अख्खी गिळून उडाला. सौरभनं शिट्टी मारली. मीही टाळ्या वाजवल्या.

बिरूदांनी मात्र कपाळावर हात मारला. "आरं, सगळीच गिळली की! बिबट्यानं मारली तर निदान मढं तरी ऱ्हातं. आता पंचनाम्याला काय दाखवनार?"

मी म्हटलं, "पायाचे ठसे असतील ना."

"उडत आलाय त्यो! ठसं कुटलं?"

पुढं युद्ध पेटलं, दोन शहरं जळाली, पण बिरूदांचं लक्षच नव्हतं. जाताना ते चपला घालत म्हणाले, "येवडी मोठी गोष्ट लिवली, पर त्या मेंढक्याला भरपाई मिळाली का न्हाई, ते कुनी दावलंच न्हाई."

*

एका सोमवारी सौरभनं ऑफिसात लंचटाइमला एपिसोड आधीच बघितला. संध्याकाळी आक्का चहा गाळत होती, आणि हा शहाणा सोफ्यावर बसता बसता म्हणाला, "आज म्हातारा राजा जातो."

आक्कानं गाळणी झटकली. चहासुद्धा नेहमीसारखा दिला. आम्हाला वाटलं, मिटलं.

सकाळी सौरभ तोंडाला साबण लावून खिडकीतून ओरडत होता, "आक्का, पाणी गेलं!"

आक्का खाली अंगणात मोटरच्या बटणाशी उभी. "पुढं काय हुनार ते तुला आदीच कळतंय न्हवं? मंग पानी जानार हे कसं न्हाई कळलं?"

*

राजा गेला तो एपिसोड अजून डोळ्यांसमोर आहे. चिता विझलेली, थोरली आणि धाकटा तटावर उभे, भयाण म्युझिक. तेवढ्यात शत्रूची चिठ्ठी पायाला बांधलेला काळा पक्षी येऊन बसला. आता सगळ्यांचा सर्वनाश होणार, हे आम्हाला कळलं. मी श्वास रोखून बसले होते.

आक्कानं मोठ्यांदा टाळी वाजवली. "शिवला बाई कावळा! सुटला म्हातारा."

मग आमच्याकडे वळून म्हणाली, "आमच्या मामंजींच्या येळंला दुपार झाली तरी शिवंना. शेवटी ह्यांनी तंबाकू सोडतो म्हनून कबूल केलं, तवा आला."

नानांनी हातातली तंबाखू हळूच खिशात टाकली.

*

हे सगळं हसण्यावारी चाललं असलं, तरी आक्काच्या जिवाला एक घोर होता. कासारसाईला तिच्या वडिलांची जमीन आहे. ते गेल्यावर सातबाऱ्यावर आक्काचं आणि तिच्या भावाचं, दत्ताचं, अशी दोन नावं लागली. दत्ताला आता सगळीच विकायची होती आणि त्यासाठी आक्काची हक्कसोडपत्रावर सही हवी होती. बहिणीनं सही द्यायची, साडी घ्यायची आणि माहेर टिकवायचं, ही इकडची रीतच.

आक्काला सही करायची नव्हती. "त्या खाचरात भात मी लावलाय," ती म्हणायची. पण दत्ताचा फोन आला, की "बघू की, ये" यापलीकडे तिला शब्द फुटायचा नाही. "न्हाई म्हनलं की माहेर तुटलं." टीव्हीतल्या प्रधानाला शिव्या घालणारी ही बाई भावापुढं अशी मऊ पडायची, ते बघून मला फार वाईट वाटायचं.

आणि सिरियलमध्येही तेच! सगळा दरबार थोरलीच्या मागे लागला, गादीवरचा हक्क धाकट्याला लिहून दे म्हणून. आक्का टीव्हीवर खेकसली, "दारात येवडं उडतं जनावर बांधलंय, आन भावाला भितीस व्हय गं?"

"कोन कुनाला सांगतंय!" नाना पुटपुटले. त्या दिवशी नानांना चहा मिळाला नाही.

*

पुढच्या सोमवारी एपिसोड सुरू व्हायला आणि दत्तामामा दारात यायला एकच गाठ पडली. हातात पिशवी. पिशवीत साडी, पेढे आणि कागद. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काला सहीसाठी पौडच्या रजिस्ट्रार ऑफिसात न्यायचं होतं.

"बस," आक्का म्हणाली. "येवडं बघू, मग बोलू."

दत्तामामा पिशवी मांडीवर घेऊन मोबाईल बघत बसले. थोड्या वेळानं मोबाईल खाली गेला. मग "ही कोन?" मग "ह्यो तिचा सख्खा भाऊ का?" मग त्यांनी आणलेले पेढे स्वतःच उघडून खायला घेतले आणि सोफ्याच्या कडेला सरकले.

टीव्हीवर धाकट्यानं थोरलीला मिठी मारली. म्हणाला, "भाई पर भरोसा रखो." आणि कागद पुढे केला.

"लबाड हाय त्यो!" दत्तामामा म्हणाले. "डोळं बगा की त्याचं!"

थोरलीनं लेखणी शाईत बुडवली. आक्कानं मांडीवरची उशी घट्ट धरली.

लेखणी कागदाला टेकणार, तोच दत्तामामा ताडकन उठले. मांडीवरची पिशवी पडली, साडी आणि कागद फरशीवर पसरले, त्यांना भानच नाही. दोन्ही हात वर करून ते ओरडले, "आगं ए बया, सही करू नगंस!"

आक्कानं टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"बरं," ती म्हणाली. "न्हाई करत."