अक्कांची मजुरी

पापडाच्या पिठाला हिंगाचा वास सुटला, की धुळ्याची आमची कॉलनी आठवते. उन्हाळ्यात बायका एकमेकींकडे पापड लाटायच्या, तेलात बुडवून लाट्या खायच्या, ताक प्यायच्या. एका दिवशी मी तीन घरी लाटले. माझ्याकडे मात्र कुणी येईना. बायका म्हणायच्या, "ती पापड विकते. आपण काय तिच्या मजूर?" तो राग अजून गेलेला नाही.

मी एकटीच पीठ कुटत बसले. तेवढ्यात समोरच्या म्हाताऱ्या अक्का पोळपाट घेऊन आल्या. मी फणकारले, "मजुरी काय घ्याल?"

"एक लाटी दे माय. तेल भरपूर लाव."

सगळ्यांशी घासाघीस करणारी मी, पण त्यांना दोन दिल्या. अक्कांनी दोन्ही चवीने खाल्ल्या. सकाळपासून तिन्ही घरी त्या माझ्या शेजारीच बसून खात होत्या; त्यांच्या पोटात जागा कुठे उरली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.