मागच्या सीटवर

ड्रायव्हरकाका निवृत्त होताना मालकांनी आपली जुनी आलिशान गाडी त्यांना देऊन टाकली आणि काकांच्या डोक्याला कायमचा ताप झाला. रात्रीतून सस्पेन्शनची हवा उतरायची नि सकाळी गाडी पोट टेकून बसलेली असायची. डॅशबोर्डवरचे दिवे उगाच पेटायचे. वायरिंगमधून कुठेतरी करंट गळायचा, म्हणून काका घरी आले की आधी बॅटरीची वायर सोडवत.

काकूंच्या बहिणीकडे निघायच्या सकाळी मागच्या दाराची काच धाडकन आत घसरली, ती काही वर येईना. काका पायरीवर मटकन बसले.

"भंगारात देतो आता. माझ्यात जोर नाही राहिला."

"उद्या द्या की," काकू म्हणाल्या. "आज मला मागे बसू द्या. जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांना दार उघडून दिलंत."

काका कण्हत उठले. बॅटरी जोडून, गाडी हळूहळू वर येईपर्यंत थांबले आणि मागचं दार उघडून उभे राहिले. काकू कानाला शाल गुंडाळून ऐटीत बसल्या.

वाटेत काकांनी आरशात पाहिलं, तर त्या गाढ झोपलेल्या. वारा लागू नये म्हणून त्यांनी वेग कमी केला.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला गाडी ओढून घेऊन गेला, तेव्हा दोघांपैकी कोणीच हळहळलं नाही.