मुदत माफ, पण कुणाला?

अप्पा गेल्याचा फोन लातूरहून आला तेव्हा मी नांदेडला लेकीच्या घरी, गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होते. फोनवर त्यांची सून होती. "काकू, मामा गेले सकाळी. चहा मागितला, अन् मी घेऊन येईपर्यंत…" मी हातातल्या कपड्यांच्या घड्या घालून ठेवल्या आणि मगच बसले. त्याला आता महिना होऊन गेला. ईशान, रेवा, तुम्ही दोघांनी तिकडून, परदेशातून विचारलंत, हे अप्पा आपले कोण? नात्याने कोणीच नाहीत. ते वकील होते आणि तुमच्या आजोबांचा कारखाना आजोबांचाच राहिला तो त्यांच्यामुळे. एवढं सांगून भागण्यासारखं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. रोज कुठल्या तरी भाड्याच्या इमारतीवर नव्या कार्यालयाची पाटी लागे. आत साहेब नवे, खुर्च्या नव्या, आणि फायली मात्र अजून जुन्या जिल्ह्याच्या गावी. त्यातच पावसाने पाठ फिरवली होती. आजोबा तंत्रनिकेतनात शिकवत. त्यांनी तुरीची डाळ करणारं एक लहान यंत्र तयार केलं होतं, गावातल्या बायकांना घरच्या घरी चालवता येईल असं. ते विक्रीसाठी बनवायचं म्हणून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. भांडवल नांदेडचे एक शेटजी घालणार होते. तेलबियांचे मोठे व्यापारी, बोलायला गोड, मनाने उमदे. भांडवल दोन हप्त्यांत, भागीदारी निम्मी. वर्षभरात यंत्रं बाजारात आली नाहीत, तर यंत्राचा आराखडा, नाव आणि शेड, सगळं शेटजींचं. करार इंग्रजीत टाइप झालेला होता. शेटजींच्या मुनीमजींनी सोबत एका पानात त्याचा मराठी गोषवारा दिला होता. त्यात शेवटी होतं : 'अस्मानी-सुलतानी आल्यास मुदत माफ.' ते वाचून आजोबा निश्चिंत झाले. दुष्काळ पडला किंवा सरकारी कागद अडकला, तर मुदत माफ. आणखी काय हवं होतं? शेटजींकडे पानसुपारी झाली, सही तेवढी राहिली होती. "कारखान्याच्या पाटीवर काय रंग द्यायचा?" असं आजोबा मला विचारू लागले होते.

सहीआधी कागद अप्पांना दाखवावा, हा आग्रह माझा. अप्पा मूळचे उदगीरचे. घरात कानडी, शाळा उर्दूत, वकिलीचं शिक्षण हैदराबादला आणि कोर्टातलं भांडण मराठीत. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात काळा कोट. पक्षकाराला ताटकळत ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता, आणि जीभ तर अशी की दोनदा आमचं येणं-जाणं तुटता तुटता राहिलं. त्या दिवशी त्यांनी गोषवारा वाचला आणि कागदावर बोट ठेवून आजोबांकडे पाहिलं.

"मुदत माफ. कुणाला?"

"कुणाला म्हणजे? सगळ्यांनाच," आजोबा म्हणाले.

"असं लिवलंय का कुठं? वहिनी, तुम्ही इंग्रजी शिकलेल्या. ते कलम काढा अन् मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं. इंग्रजीत तो लिहावाच लागतो, आणि तिथे एकच कर्ता होता : गुंतवणूकदार. दुष्काळ पडला तर शेटजींना दुसरा हप्ता थांबवता येणार होता. आजोबांची मुदत मात्र चालूच राहणार होती. मुनीमजींनी लबाडी केली नव्हती. आपल्याकडे बोलतात तसं त्यांनी लिहिलं होतं, आणि आम्हीही आपल्याकडे ऐकतात तसंच ऐकलं होतं.

"आता नावं बदलून वाचा," अप्पा म्हणाले. "शेटजींच्या जागी मास्तर, मास्तरांच्या जागी शेटजी."

आजोबांचा चेहरा उतरला. पण त्यांना दुसरीच काळजी. "पानसुपारी झालीय अप्पा. आता कागद परत पाठवला तर त्यांना काय वाटेल? विश्वास नाही असं होईल."

"पान खाल्लं म्हणून जीभ गहाण पडली का मास्तर? नोकरी सोडून बसलात. उद्या यंत्र गेलं तर काय शेटजींच्या दुकानात तागडी धरणार?"

आजोबांनी कागदाची घडी घातली. मलाही ते बोलणं लागलं.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं एसटीने नांदेडला गेलो. वाटेत सगळी रानं करपलेली. अप्पा खिडकीशी बसून डुलक्या घेत होते आणि आजोबा एकच वाक्य मनाशी घोळवत होते, गैरसमज करून घेऊ नका… गैरसमज करून घेऊ नका. पण दुकानात पोचल्यावर ते म्हणायची वेळच आली नाही. अप्पांनी चहा घेतला, पेंडीचा भाव विचारला आणि तेच कलम नावं बदलून शेटजींना मराठीत वाचून दाखवलं. बदल केलाय हे सांगितलं नाही.

शेटजी गादीवर सावरून बसले. "हे कामून असं? पाणी पडलं न्हाई तर मास्तरला सूट, अन् माझं सगळं जाणार? असल्या कागदावर कोण शहाणा सही करंल?"

"मास्तर करून राहिले होते," अप्पा म्हणाले.

मुनीमजी खाली बघू लागले. मग शेटजी असे हसले की पोत्यांवरची मांजर उठून गेली. "वकीलसाहेब, खरं सांगू का? मुंबईच्या पाव्हण्याचा नमुना होता. मीच वाचला न्हाई." कागद तिथेच बदलला. अस्मानी दोघांना, सुलतानीही दोघांना. अप्पांनी नंतर मला सांगितलं, समोरच्याला चोर ठरवला की तो कागद सोडत नाही. त्याला त्याच्याच दारात पाहुणा म्हणून बसवावं लागतं, मग समोरची बाजू त्याला आपोआप दिसते.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. तूर शेतातच वाळली, आणि वीजजोडणीची फाईल दोन जिल्ह्यांच्या मध्ये कुठेतरी अडकून पडली. शेटजींचा दुसरा हप्ता थांबला, आजोबांची यंत्रं थांबली. जुना कागद असता तर तेव्हाच सगळं गेलं असतं. मी शिकवण्या घेत होते, आजोबा लोकांचे पंप दुरुस्त करत होते. मग पाऊस झाला, वीज आली, आणि पहिलं यंत्र शिरूर अनंतपाळला गेलं. शेटजी शेवटपर्यंत आमचे भागीदार राहिले.

आजोबांच्या मागे कारखान्यातला आपला वाटा कोणाचा, हा प्रश्न आता माझ्यापुढे आहे. अप्पांचे दिवस झाल्यावर मी टेबलाशी बसून स्वच्छ अक्षरात लिहून काढलं : 'नातवंडांपैकी जो लातूरला येऊन राहील, आपला वाटा त्याचा. दोन वर्षांत कोणी आलं नाही, तर विकून टाकावा.' मला ते अगदी रीतसर वाटलं. सवयीने मी नावं बदलून वाचलं. आजी तिकडे येऊन राहील, तर ती आमची. दोन वर्षांत आली नाही, तर…

पुढचं मी वाचलं नाही. तो कागद फाडला आणि नवा घेतला आहे. तुमचे फोन आले की दोन्ही बाजूंनी लिहू.