चेंगदूतली फोडणी

लेकीचा फोन आला, "आई, मला इथे नाही जमत. मला घरी यायचंय." त्यानंतर आमच्या डोंबिवलीच्या घरात कोणी धड जेवलं नाही. ती चीनमध्ये, चेंगदूला, डॉक्टरकी शिकायला गेलेली. पहिलंच वर्ष. नवरा म्हणाला, "जा आणि घेऊनच ये तिला." मी म्हटलं, आधी बघते तरी. त्याला रजा मिळेना, मला ठाण्याच्या ऑफिसात मिळाली, म्हणून मी एकटीच निघाले. परतीची तिकिटं मात्र दोघींची काढली, तिचं रद्द करता येईल असं.

निघताना नवऱ्याने हातावर दही घातलं. आमच्याकडे बाहेर पडणाऱ्याच्या हातावर घरी राहणारं माणूस दही घालतं, मग तो परीक्षेला निघालेला असो नाहीतर ठाण्याच्या खोपट डेपोतून एसटीने गावाला. लेक गेली तेव्हा मी तिच्या हातावर घातलं होतं. "आई, आता विमानात चिकट हात घेऊन बसू का?" म्हणून हसलेली. आणि आता तीच पोरगी फोनवर रडत होती.

तिच्या होस्टेलात पाहुण्याला राहू देत नाहीत. म्हणून तिने जवळच्या गल्लीत एक स्वस्त गेस्टहाउस बघून ठेवलेलं. जुन्या बिल्डिंगचा चौथा मजला, लिफ्ट नाही. मालकीणबाई माझ्याच वयाची, केस कुरळे करून घेतलेली. तिने पासपोर्ट घेतला, कुठे काय नोंदवलं देव जाणे, आणि माझ्या हातात गरम पाण्याचा ग्लास दिला. तिथे उठता बसता गरम पाणी. गादी म्हणाल तर फळीवर चादर घातलेली. मोरी एवढीशी, शॉवर थेट संडासाच्या डोक्यावर. पण स्वच्छ होतं हो सगळं, उगाच कशाला नावं ठेवू.

लेक मात्र बघवत नव्हती. गालफडं बसलेली. कॉलेज सुटलं की माझ्या खोलीवर यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. काय होतंय, तर भाषा येत नाही, जेवण घशाखाली उतरत नाही, बोलायला कोणी नाही. रात्री होस्टेलवर परत जायची. "काय ठरलं?" नवरा रोज फोनवर विचारायचा. डोंबल ठरलंय! मी त्याच्यावर खेकसायची.

मग मी तेच केलं जे आमच्याकडची कुठलीही आई करेल. बॅगेतून इलेक्ट्रिक कढई काढली. मी बेसन, हिंग, मोहरी, सगळं घेऊन गेलेले. खोलीत स्वयंपाक करू नये अशी पाटी दारामागे होती, पण ती चिनीत. मला काय कळणार! म्हटलं, पोरीला गरम पिठलं-भात घालते, पोटात गेलं की डोकं ताळ्यावर येईल. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, सुक्या मिरच्या पडल्या, नाकाला झोंबणारा झकास खाट उठला आणि छताला जे काही चिकटवलेलं होतं ते असं कोकलायला लागलं की माझ्या हातातला झाराच पडला. शेजारच्या खोल्यांमधली माणसं खोकत बाहेर. मालकीणबाई चार जिने चढून धापा टाकत आली आणि कढईकडे बघून तिने तोंडाचा पट्टा सोडला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मी कढईचं बटण बंद केलं. आणि माझी लेक, जी चार दिवस उशीत तोंड खुपसून होती, ती उठली. आधी खिडकी उघडली. मग चिनीत बोलायला लागली. अडखळत, पण थांबत नव्हती. मालकीणबाई वरच्या पट्टीत, तर ही पण वरच्या पट्टीत. मग माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली, आणि ती बाई चक्क हसली.

"काय सांगितलंस गं?"

"माझी आई मला उपाशी समजते, म्हटलं."

"तुला बोलता येत नाही ना पण?"

"नाहीच येत. एवढंच येतं."

कढई जप्त झाली. मालकीणबाईने खिडकीतून समोरचं एक छोटं दुकान दाखवलं, तिथे जाऊन जेवा म्हणे. बुटकी स्टुलं, बाहेर टोपात सशाची मुंडकी रचलेली. ती बघून मी देवाचं नाव घेतलं. लेकीने डुक्कर नको, मटण नको असं बजावून टोफू मागवला. आपलं पनीर जरा जास्त मऊ झालं तर होईल तसा, लाल रश्शातला. पहिला घास घेतला आणि माझ्या जिभेला मुंग्या आल्या. ही चव मी ओळखते!

"अगं बाई, हे तर तिरफळ!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. माझं माहेर कोकणातलं, बांगड्याच्या आमटीत तिरफळ नसेल तर आम्ही ताटावरून उठू. लहानपणी लेक ती तिरफळं आमटीतून वेचून ताटाच्या कडेला ठेवायची. आत्ताही तिच्या वाडग्याच्या कडेला ते दाणे ओळीने मांडलेले होते. आम्ही दोघींनी ते एकदमच पाहिलं. ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग दोन वाडगे भात जेवली.

त्यानंतर आम्ही रोज तिथेच गेलो. टोमॅटो-अंडं, नूडल्स, सकाळी गरम सोयादूध. मागवायची ती, पैसेही तिच्याच फोनवरून, माझ्या नोटांना तिथे कोणी विचारत नव्हतं. जायचं की राहायचं, हे मात्र ती बोलली नाही. सरळ सांगते, मला तिला घेऊनच यायचं होतं. घर खायला उठतं हो ती नसली की. पण शेवटच्या संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, "यायचं असेल तर सकाळी बॅग घेऊन ये. नसेल तर नुसती ये. मी काही विचारणार नाही."

सकाळी मी बिल्डिंगखाली येऊन उभी राहिले. मालकीणबाई माझी कढई परत द्यायला आलेली. टॅक्सी आली. गल्लीच्या तोंडाशी लेक दिसली आणि मी आधी तिच्या हातांकडे पाहिलं. बॅग नव्हती. दुकानातली एक छोटी बाटली होती, झाकणात स्ट्रॉ खुपसायची असते तसली.

"आई, हात पुढे कर."

तिने माझ्या तळहातावर त्यातलं दही ओतलं. गुलाबी, पातळ, साखरेसारखं गोड. मी चाटलं. मालकीणबाई डोळे विस्फारून बघत होती.

"नीट जा," लेक म्हणाली. "पोचलीस की फोन कर."