दाट दुधाचा गाव

तमाम वाचकांस कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने ऐन पन्नाशीत, इस्त्रीच्या धोतरानिशी, एका गायीच्या कासेखाली जाहीर बैठक मारली. इतिहासाने नोंद घ्यावी.

मेहुण्यांनी मला पुण्याहून कोल्हापूरला बोलावलं ते रंकाळा तलाव दाखवतो म्हणून. दाखवली जर्सी गाय. ते गुरांचे डॉक्टर. तेव्हा अशा गायी खेड्यांत नुकत्याच आल्या होत्या. सकाळीच त्यांच्या जीपमधून मुरगूडकडे निघालो. दोन्हीकडे ऊस, मधे खड्डे, खड्ड्यांत आम्ही.

गावात एका गायीच्या मालकीणबाई, आक्काताई, यांनी गूळ-शेंगा पुढे केल्या. “खावा की पावणं! सासरवाडीत आल्यावानी लाजताय काय?”

दुधाची तपासणी सोपी होती. चार वाट्यांची एक थाळी, चार सडांच्या (आचळांच्या) धारा चार वाट्यांत, वर जांभळं औषध, आणि थाळी गोल हलवायची. थाळी धरण्याचा मान माझा.

पहिली शेजारच्या बापूंची गाय. दूध पाण्यासारखंच राहिलं. गर्दी खिदळली, “बापू, पाणी गायीला पाजतोस का दुधाला?” बापूंनी मान खाली घातली.

मग आक्काताईंची हरणी. तिने शेपटीने माझी टोपी शेणात पाडली, पण चारही वाट्या अशा घट्ट झाल्या की कुणीतरी ओरडलं, “खरवस झाला की!” आक्काताईंचा चेहरा उजळला. “आई मेल्याली हिची. बोळ्यानं दूध पाजून वाढवलीया.” मीही टाळ्या पिटल्या.

मेहुण्यांनी मात्र हरणीची कास चाचपली.

“आक्का, घट्ट होणं वाईट. बापूंची गाय निरोगी आहे. हिच्या कासेत दगडी (कासेचा रोग) लपलीय. वरून दिसत नाही. दोन सड आतून गेल्यात जमा. बाकी दोन सडांना औषध देतो, पण खात्री नाही. दूध डेअरीला घालू नका.”

“दोन सडाची गाय बाजारातबी कोन घेनार?” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. हरणी शांतपणे रवंथ करत होती.

परतीच्या वाटेवर मला एकही विनोद सुचला नाही. मेहुण्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्ही फक्त उशिरा पोचलो होतो. घरी सगळे विचारतात, कोल्हापुरात काय पाहिलंत? रंकाळा राहूनच गेला. आठवतात त्या जीप सुरू होताना टपावर थाप मारून ओरडलेल्या आक्काताई:

“कशाला सांगितलंसा, डाक्टर? मगापतोर बरी हुती की माझी गाय!”